उघड्या दाराची साक्ष

गेल्या पाडव्याच्या सकाळी शेजारच्या काकांकडे फराळाला गेले होते. काका ऐंशीच्या पुढचे, जन्मभर कोर्टात वकिली केलेले, आणि अजूनही चकलीचा तुकडा उचलला तरी तो पुराव्याचा कागद असल्यासारखा दोन बोटांत धरणारे. त्यांच्या गॅलरीत एक पिंजरा आहे आणि पिंजऱ्यात बाजारात ज्यांना सगळे लव्हबर्ड्‌स म्हणतात त्यांची जोडी आहे. खरे तर ते ऑस्ट्रेलियातले बजरीगर. काकांच्या नातवाच्या वाढदिवसाला आणलेले. नातू शिकायला परगावी गेला आणि पक्षी काकांच्या गळ्यात पडले.

माझ्याबरोबर माझ्या भावाची नऊ वर्षांची नात होती. पिंजऱ्यापाशी उभी राहून तिने सहज विचारले, "काका, यांना बाहेर जावंसं वाटत नाही?"

काका हसले. "अगं, हे पिंजऱ्यातच जन्मले. बाहेर म्हणजे काय हेच यांना ठाऊक नाही. स्वातंत्र्य, बंदिवास या सगळ्या माणसाच्या कल्पना. दार उघडं ठेवून बघ एकदा, जातात का!"

मुलीचे समाधान झाले नाही; पण तिच्या हातात करंजी आली आणि विषय तेथेच राहिला. मी मात्र त्या दिवसापासून अस्वस्थ आहे. कारण काकांनी मांडलेले सगळे मुद्दे मी स्वतः जवळजवळ तीस वर्षे, पाहुण्यांपुढे, मोठ्या तोऱ्याने मांडीत आले होते. तेव्हा आज काकांविरुद्ध लिहिते आहे ते खरे तर माझ्याच जुन्या वकिलीविरुद्ध. काकांची परवानगी घेतलेली आहे. "लिही, मी उलटतपासणी घेईन," असे ते म्हणाले आहेत.

प्रथम त्या 'कल्पना' शब्दाचे बघू. प्राण्यांना स्वातंत्र्याची कल्पना असते का, हा प्रश्न आपण मोठ्या गंभीरपणे विचारतो आणि प्राण्याकडून जणू निबंधाची अपेक्षा करतो. तो लिहीत नाही, म्हणून नापास. पण मला तरी स्वातंत्र्याची व्याख्या कुठे करता येते? पंधरा ऑगस्टच्या भाषणात जे सांगतात ते मी अनेकदा ऐकले आहे आणि एकदाही पुरते समजलेले नाही. बाहेरून कडी लागून मी मोरीत अर्धा तास अडकले होते, तेव्हा मात्र मला व्याख्येची गरज पडली नाही. ज्याला दाताची रचना माहीत नाही त्याचीही दाढ दुखते. पक्ष्याला स्वातंत्र्यावर विचार करता येत नसेल. तो करता येत नाही असे मी खुशाल मान्य करते. प्रश्न एवढाच उरतो, की आपण कोंडलेले आहोत याचा त्याला काही पत्ता असतो की नाही.

आता 'पिंजऱ्यातच जन्मले' हा मुद्दा. हा सगळ्यांत सोयीचा, कारण त्यात पकडणाऱ्याचे पाप विक्रेत्यावर जाते, विक्रेत्याचे पैदास करणाऱ्यावर, आणि घेणारा मोकळा. जे पाहिलेच नाही त्याची ओढ कशी लागेल, असे आपण विचारतो. या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते युरोपातल्या पक्षी पाळणाऱ्या लोकांना शेकडो वर्षे ठाऊक आहे. स्थलांतर करणारा पक्षी पिंजऱ्यात ठेवला, त्याला दाणापाणी, ऊब सगळे दिले, तरी निघायचा हंगाम आला की तो रात्री झोपत नाही. दांडीवर फडफडतो, एका बाजूला झेपा घेतो, उजाडेपर्यंत. जर्मन लोकांनी या प्रकाराला त्सुगउनरूहे असे नाव दिले आहे. प्रवासाची बेचैनी असा त्याचा सरळ अर्थ. १९६६ साली अमेरिकेतल्या एमलेन पितापुत्रांनी तर ही बेचैनी कागदावर उतरवून घेतली. टीपकागदाचे नरसाळे, त्याच्या तळाशी शाईची गादी, वर जाळी. पक्षी गादीवर उभा राहतो, उडायला जातो, उतरत्या कागदावरून घसरून परत येतो. आणि सकाळी कागदावर त्याच्या पायांचे शाईचे ठसे ज्या बाजूला दाट असतील ती त्याची दिशा. मला हे वाचताना शाळेतला टीपकागद आठवला, आणि मग बराच वेळ दुसरे काही सुचेना.

पण हे पक्षी रानातून धरलेले असतील, असे काका म्हणतील. म्हणून पुढचे ऐकावे. युरोपात उन्हाळा काढून आफ्रिकेत हिवाळ्याला जाणारा गार्डन वॉर्ब्लर नावाचा एक साधा, मातकट रंगाचा चिमुकला पक्षी आहे. त्याची माणसाने हाताने भरवून वाढवलेली पिले घेऊन ग्विनर आणि विल्चको या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. या पिलांनी आईबापांबरोबर कधी प्रवास केला नव्हता. बंद खोलीत, ठरावीक उजेडात ती वाढली. ऑगस्ट-सप्टेंबरात ती पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात नैऋत्येकडे झेपा घेऊ लागली आणि ऑक्टोबरपासून पुढे तिचा रोख दक्षिणेकडे, किंचित आग्नेयेकडे वळला. रानातले त्यांचे भाऊबंद साधारण त्याच सुमारास स्पेनच्या बाजूने उतरून आफ्रिकेत वळतात. म्हणजे खोलीत जन्म घालवलेल्या त्या पिलाने, चार वीत जागेत, सबंध समुद्र आणि वाळवंट ओलांडण्याचा प्रवास जागच्या जागी केला.

यावर विद्वान म्हणतील, ही समज नव्हे, ही उपजत प्रेरणा. असेल. मी भांडत नाही. पण मग 'बाहेर म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही' हे वाक्य आपल्याला मागे घ्यावे लागते. त्याच्या डोक्याला ठाऊक नसेल, पंखांना ठाऊक आहे. आणि काकांचे बजरीगर? ते तर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात, पाऊस पडेल तिकडे हजारोंच्या थव्याने भटकणारे. त्यांना दोघांना मिळून दीड फूट दांडी आहे.

आता दाराकडे येते. हा मुद्दा माझ्या घरचा आहे.

मी आठ वर्षांची असताना, म्हणजे १९६६ च्या पावसाळ्यात, वाईला आमच्या वाड्यात नानांनी बाजारातून एक पोपट आणला. नाना म्हणजे माझे वडील. तेव्हा बाजारात पोपट उघड विकायला येत. आज देशी पोपट घरी ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. विक्रेत्याने पंख कातरलेले होते. नाव अर्थातच राघू. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची, कशाला कमी नव्हते. आजी तर स्वतः उपास असला तरी त्याची डाळ आधी भिजत घाली. पिंजरा सोप्यात टांगलेला असे. त्याच्या दाराला लोखंडी कडी होती आणि राघूला ती चोचीने वर उचलता येते हे आम्हांला तिसऱ्याच दिवशी कळले. दार उघडून तो खाली पडला, पंख नव्हतेच. नानांनी मग कडीला तांब्याच्या तारेचा पीळ घातला.

त्यानंतर राघू त्या तारेच्या मागे लागला. पहाटे चारला आजी जपाला बसे तेव्हा सोप्यातून कट्‌ कट्‌ आवाज येई. तो पीळ उलगडू बघे. दोनदा त्याने तो उलगडलाही. नाना जाडी तार आणीत. दसऱ्यापर्यंत त्याचे पंख वाढले, तेव्हा ते पुन्हा कातरले. आम्ही मुले त्याच्या या उद्योगाला हसत असू आणि पाहुण्यांना म्हणत असू, "आमचा राघू तारकाम शिकतोय." दिवाळी गेली, संक्रांत गेली. होळीच्या आसपास कधीतरी तो आवाज बंद झाला. नक्की कोणत्या दिवशी ते कुणाच्याच ध्यानात आले नाही. आवाज सुरू झाला की कळते, थांबला की कळत नाही.

नाना म्हणाले, "राघू शहाणा झाला."

आजी वाती वळीत होती. ती म्हणाली, "दमला."

पुढे नानांनी तार काढून टाकली. मग कडी लावणेही सोडले. दार दिवसभर उघडे असे, पंख पुरे वाढलेले असत, आणि राघू दांडीवर बसून मिरची खाई. आता खरी शोभेची वस्तू झाली! येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही ते दार दाखवीत असू. "बघा, उघडं आहे. जातो का? त्याला इथंच सुख आहे." मोठी झाल्यावर मी हा किस्सा कॉलेजात सांगितला, कचेरीत सांगितला, एका वादात तर प्राणिमित्र म्हणवणाऱ्या एका बाईंचे तोंड मी त्यानेच बंद केले. त्या किश्शात पहिले आठ महिने नव्हते. मुद्दाम गाळले होते असे नाही. ते मला साक्ष वाटतच नव्हते; साक्ष वाटत होते ते उघडे दार.

मग केव्हातरी मी सेलिगमन आणि मायर यांच्या कुत्र्यांविषयी वाचले. १९६७ सालचा हा प्रयोग. म्हणजे वाईत आमचा राघू गप्प झाला त्याच वर्षी तिकडे पेनसिल्व्हेनियात हे प्रसिद्ध झाले. प्रयोग क्रूर होता, आणि तो वाचताना कुत्रा पाळलेल्या माणसाने पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

कुत्र्यांना पट्ट्यांत अडकवून विजेचे झटके दिले. काही कुत्र्यांसमोर एक फळी होती. डोक्याने ती दाबली की झटका थांबे. दुसऱ्या कुत्र्यांना तेवढेच आणि तेवढाच वेळ झटके मिळत, पण ते काहीही करोत, त्यांच्या करण्याने झटका थांबत नसे. नंतर सगळ्यांना एका पेटीत ठेवले. पेटीच्या मध्यभागी उडी मारून ओलांडता येईल असा अडसर, पलीकडे झटका नाही. पहिले कुत्रे उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्यांपैकी बहुतेक कुत्रे झटका सोसत जागीच बसून राहिले. वाट होती, ती त्यांच्यासाठी नव्हती. पुढच्या प्रयोगांत अशा कुत्र्यांना बोलावून बघितले, अडसर काढूनही बघितला, उपयोग झाला नाही. शेवटी गळ्यात दोर बांधून त्यांना पलीकडे ओढावे लागले, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तेव्हा कुठे ते आपल्या पायांनी जाऊ लागले.

एवढ्यावर माझा राघू मला कळला होता. पण याच दोघांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, आपलाच सिद्धान्त उलटा केला, आणि ते मला जास्त मोलाचे वाटते. मधल्या काळात मेंदूवर झालेल्या कामावरून ते म्हणाले, की आम्ही चुकलो. हताश होऊन बसणे हे शिकलेले नसते. दीर्घ त्रासात सापडलेला जीव आपोआपच निपचित होतो. शिकायचे असते ते दुसरेच. आपण काही केले तर त्याने काही फरक पडतो, हे मेंदूला ओळखावे लागते. आणि ते ओळखले की मेंदूचा पुढचा भाग त्या निपचितपणाला आवर घालतो. मला विचाराल तर कोंडलेला आणि मोकळा यांतील फरक ओळखणारे इंद्रिय ते हेच. तत्त्वज्ञान नाही, कविता नाही. 'माझ्या करण्याला काही अर्थ आहे की नाही' एवढीच तपासणी. आमच्या राघूने ती आठ महिने, रोज पहाटे, चोचीने केली. निकाल लागल्यावर तो बसला. आम्ही त्या निकालाला त्याची संमती म्हणालो.

काकांचा एक युक्तिवाद मात्र भक्कम आहे, आणि तो त्यांनी फराळानंतर, पान लावताना काढला. "रानात तरी कुठं स्वातंत्र्य आहे? भूक आहे, शिकारी आहे, हद्द आहे. वाघ आपल्या हद्दीबाहेर गेला तर दुसरा वाघ फाडतो." हे काकांचे एकट्याचे मत नव्हे. बर्न, बाझेल आणि झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालक राहिलेले हायनी हेडिगर यांनी १९४२ साली बंदिवासातील वन्य प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात हेच मोठ्या अधिकाराने मांडले आहे. रानातले जनावर वाटेल तिकडे भटकत नाही; त्याच्या पाणवठ्याची, निजण्याची, खुणा करण्याची जागा आणि वेळ ठरलेली असते; चांगला पिंजरा म्हणजे त्याची लहान केलेली हद्दच. हेडिगर प्राण्यांचे शत्रू नव्हते. संग्रहालयांतले जिणे सुधारावे म्हणून झटणाऱ्यांत ते अग्रभागी होते, आणि रान म्हणजे नंदनवन नव्हे हे त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. रानातल्या पोपटाला ससाणा आहे, साप आहे. त्याला डाळ कुणी भिजत घालीत नाही.

पण हद्द आणि पिंजरा यांत एक फरक आहे आणि तो मोजमापाचा नाही. तो कॅलिफोर्नियातल्या कॅव्हनॉ नावाच्या शास्त्रज्ञाच्या उंदरांनी दाखवून दिला, पुन्हा त्याच १९६७ साली. हे पांढऱ्या पायांचे रानउंदीर. त्यांच्या पिंजऱ्यात मोटारीवर फिरणारे चाक होते, आणि चाक चालू-बंद करण्याची कळ उंदरांच्या ताब्यात होती. उंदीर कळ दाबून चाक सुरू करी आणि आवडीने धावे. तेच चाक प्रयोग करणाऱ्याने सुरू केले की उंदीर तत्काळ ते बंद करी. उंदराला उचलून घरट्यात ठेवले की तो लगेच बाहेर येई. पुन्हा ठेवा, पुन्हा बाहेर. वास्तविक ते घरटे त्याचेच, चाकही आवडीचेच. नको होते ते दुसऱ्याने ठेवणे. घरात तीन वर्षांचे मूल असलेल्या कोणत्याही आईला हे सांगण्याची गरज नाही. स्वतः होऊन जिच्या मांडीवर चढेल, तिनेच उचलून बसवले तर ताठ होऊन ओरडेल. त्या मुलाला स्वातंत्र्याची कल्पना आहे का, असे आपण विचारीत नाही. "हट्टी आहे," म्हणतो. उंदीर हट्टी होते.

काकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "उंदीर! काहीतरी मोठं सांग." मग मी त्यांना चित्ते सांगितले.

चित्त्याचे कोल्हापूरकरांना तरी नवल नाही. तिथल्या दरबारी चित्ते असत, त्यांना वागवणारे चित्तेवान असत, आणि देशी चित्ता दुर्मिळ झाल्यावर आफ्रिकेतून आणलेलेही होते. शिकारीचा चित्ता म्हणजे उघड्या दाराचा सर्वांत दिमाखदार पुरावा. डोळ्यांवर टोपी, गाडीवर बैठक. काळवीट दिसला की टोपी काढीत, गळ्यातली दोरी सोडीत. समोर मोकळे माळरान, अंगात पृथ्वीतलावरची सर्वांत मोठी धाव, आणि हा शिकार करून तिथेच थांबतो, माणूस लाकडी पळीतून रक्त पुढे करतो ते पितो आणि टोपी घालून घेतो! काकांसारखा वकील याहून चांगला साक्षीदार कुठून आणणार?

पण दुसरी साक्ष बादशहाचीच आहे. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो, की आपल्या वडिलांनी, म्हणजे अकबराने, एके काळी हजार चित्ते जमवले होते आणि त्यांची जोडी जमावी अशी त्याची फार इच्छा होती. बागेत मोकळे सोडूनही बघितले. जमले नाही. हिंदुस्थानच्या बादशहाला हजार चित्त्यांतून एक पिल्लू मिळाले नाही; हवे तेवढे चित्ते दर वेळी रानातूनच धरून आणावे लागत. पुढे १६१३ च्या सुमारास, जहांगीर सांगतो, एक नर गळ्यातला पट्टा काढून निसटला, मादीकडे गेला, आणि अडीच महिन्यांनी तीन पिले झाली. त्याला हे इतके नवलाचे वाटले की त्याने ते नोंदवून ठेवले. त्यानंतर बंदिवासात चित्त्याला पिले झाल्याची नोंद मिळते ती एकदम १९५६ साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मधली साडेतीनशे वर्षे कोरी. आणि त्या मधल्या काळात इथले रान उपसत उपसत इतके रिकामे झाले, की १९५२ साली चित्ता देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर करावे लागले.

चित्ता पळाला नाही, टोपी घालून घेतली, रक्त प्यायला. त्याला बंदिवासाची कल्पना होती असे मी म्हणणार नाही. पण ज्या एका बाबतीत त्याच्यावर कुणाला बळजबरी करता आली नाही, त्या बाबतीत त्याने हजार तोंडांनी नकार दिला. आज संग्रहालयांत चित्त्यांना पिले होतात, हे काकांनी लगेच दाखवून दिले, आणि ते खरेही आहे. ती होऊ लागली ती नर-मादी एकत्र डांबणे सोडून, त्यांना वेगळे ठेवून, जागा देऊन, निवड थोडीफार मादीवर सोपवायला माणूस शिकला तेव्हा.

एक गोष्ट आणखी, घाईने सांगते, कारण ती ताजी आहे आणि अनेकांच्या जिव्हाळ्याची आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात न्यायालयांच्या निकालानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठातील महादेवी हत्तीण जामनगरच्या वनतारा केंद्रात नेली. मोर्चे निघाले, गावेच्या गावे रस्त्यावर आली. तिच्या डोळ्यांतील पाण्याची चित्रफीत घरोघर पोचली. एक पक्ष म्हणाला, घर सुटते म्हणून ती रडते आहे. दुसरा म्हणाला, तीस वर्षांच्या साखळीने ती रडली. कुणाचे खरे, यात मी शिरत नाही. मला एवढेच दिसले, की त्या दोन महिन्यांत सबंध महाराष्ट्रात 'जनावराला काय कळतंय' असे म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. आपल्या बाजूने बोलत असली की हत्तिणीला सगळे कळते. आपल्या विरुद्ध बोलू लागली की लगेच ती उपजत प्रेरणा होते.

हा युक्तिवाद नवाही नाही. १८५१ साली अमेरिकेतल्या कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, मळ्यांवरून पळून जाणारे गुलाम हे एका रोगाने पछाडलेले असतात असे लिहिले, आणि त्या रोगाला भारदस्त ग्रीक नावही दिले. जे पळत नव्हते ते अर्थातच सुखी. मी माणसाची आणि पोपटाची तुलना करीत नाही; तसे करणे त्या माणसांचा अपमान होईल. तुलना करते आहे ती किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याच्या बोलण्याची. ते बोलणे सगळीकडे चमत्कारिकपणे सारखे येते.

"मग मी काय करू? सोडून देऊ यांना?" काकांनी विचारले. या प्रश्नात वकिली नव्हती. मी नाही म्हणाले. ते इथले पक्षी नव्हेत. सोडले तर संध्याकाळपर्यंत कावळे त्यांना मारतील, नाहीतर चार दिवसांत उपाशी मरतील. दार उघडून हात झटकणे हा मालकाच्या मनाला स्वस्तात मोकळे करण्याचा प्रकार आहे. राघूच्या बाबतीत आमचे तेच झाले होते. दार उघडे होते, म्हणून आम्हांला कधी वाईट वाटले नाही. तो त्या पिंजऱ्यातच, उघड्या दारात, १९८४ साली मेला.

काकांनी पुढे काही बोलून दाखवले नाही. पण या श्रावणात त्यांनी सुतार बोलावून सगळ्या गॅलरीला बारीक जाळी ठोकून घेतली, आत कुंड्या आणि वाळक्या फांद्या ठेवल्या, आणि पिंजऱ्याचे दार काढूनच टाकले. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाजात जिंकल्याचा सूर. "बसलेत तिथंच. एक फूटभर हलले नाहीत. घे, लिही आता."

"किती वर्षं झाली त्यांना पिंजऱ्यात?" मी विचारले.

"सहा."

"आणि दार काढून?"

काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागले. काकू म्हणतात, साक्षीदार फितूर व्हायची वाट बघत बसलेत. गणपती गेल्यावर एका सकाळी मादी पिंजऱ्याच्या तोंडाशी आली, बाहेर मान काढली, समोरच्या फांदीकडे बघितले आणि परत आत गेली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, काकांनी पेन्सिलीने ती वेळ लिहून ठेवली आहे : सात वाजून दहा मिनिटे.